तुरटपणाआड दडलेली वाइन

मार्च सरून एप्रिल उजाडला, की फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील बोर्दो शहराभोवतीच्या द्राक्षमळ्यांत जगभरातील वाइन व्यापारी, समीक्षक आणि पत्रकार यांची वर्दळ सुरू होते. त्यांच्यापुढे जी वाइन ठेवली जाते ती आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडलेल्या द्राक्षांची, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांची असते. ती अद्याप ओक लाकडाच्या पिंपांतच असते आणि बाटलीत भरली जायला आणखी वर्ष-दीड वर्षाचा अवकाश असतो. रंग गडद जांभळा, वास काहीसा कोंडलेला, आणि तोंडात घेताच जीभ टाळूला चिकटावी इतकी तुरट. सकाळभरात पन्नास-साठ नमुने चाखून बाहेर पडणाऱ्या माणसाचे दात आणि ओठ, जांभळे खाऊन आलेल्या पोरासारखे झालेले असतात. यातला एकही घोट गिळायचा नसतो. पानाच्या तबकाशेजारी पिकदाणी असावी तशी प्रत्येक टेबलाशेजारी थुंकण्यासाठी बादली ठेवलेली असते, आणि तिचा वापर करण्यात कोणालाही संकोच वाटत नाही.

या चाखण्याला बोर्दोत ‘आँ प्रिमर’ म्हणतात. त्याभोवती मोठी उलाढाल चालते. समीक्षकांची टिपणे आणि गुण प्रसिद्ध होतात, त्यांचा अंदाज घेऊन शातो, म्हणजे तेथील मळेवाले, आपल्या वाइनची किंमत जाहीर करतात आणि व्यापाऱ्यांमार्फत ती विकतात. ग्राहक पैसे आज मोजतो. बाटल्या मात्र त्याच्या हाती सुमारे दोन वर्षांनी पडतात. त्या पिण्याजोग्या होण्यास आणखी आठ, दहा, कधी वीस वर्षे लागतात. साहजिकच परीक्षकाला विचारलेला प्रश्न ‘ही वाइन आज कशी लागते?’ हा नसतोच. ‘ही वाइन पुढे कशी लागेल?’ याचे उत्तर त्याला द्यायचे असते, आणि तेही अशा चवीवरून, जी सामान्य माणसाला तोंड वाकडे करायला लावते. कॅबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षाच्या कोवळ्या वाइनची परीक्षा अवघड ठरते ती याच कारणाने.

जाड सालीचे द्राक्ष

कॅबर्ने सोव्हिन्याँ आज जगात सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या वाइन-द्राक्षांपैकी एक आहे. त्याचे कूळ फार काळ गूढ होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधक कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी १९९०च्या दशकात डीएनए चाचणीच्या आधारे ते उलगडले. काळ्या कॅबर्ने फ्राँ आणि पांढऱ्या सोव्हिन्याँ ब्लाँ या दोन जातींच्या संकरातून हे द्राक्ष जन्माला आले आहे. वाइनच्या वासात कधी कधी जाणवणारी हिरवी छटा या दोन्ही पालकांकडून आलेली आहे.

थॉमसन सीडलेस खाण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाने कॅबर्नेचा मणी तोंडात टाकला, तर त्याची निराशाच होईल. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, गर थोडा आणि आत टणक बिया. खाण्याच्या दृष्टीने हे सारे दोष होत. वाइनच्या दृष्टीने हेच भांडवल. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर रंगहीन असतो. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा देणारे टॅनिन हे द्रव्य, दोन्ही येतात ते साल आणि बियांमधून. म्हणूनच लाल वाइन करताना रस साली-बियांसह आंबवला जातो. गराच्या मानाने साल आणि बी जितके अधिक, तितकी वाइन अधिक रंगदार, अधिक तुरट आणि, सारे जुळून आले तर, अधिक टिकाऊ.

कॅबर्ने उशिरा पिकते. बोर्दोच्या जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावरील मेदोक भागात दगडगोट्यांची जमीन आहे. तिच्यातून पाण्याचा निचरा झपाट्याने होतो, दिवसभर तापलेले गोटे वेलींना ऊब देतात, आणि थंडी येण्यापूर्वी कॅबर्नेला पिकण्याची संधी मिळते. तरीही बोर्दोतील वाइन सहसा एकट्या कॅबर्नेची नसते. लवकर पिकणाऱ्या, मांसल, मऊ मर्लो द्राक्षाची वाइन तिच्यात मिसळली जाते; थोडी कॅबर्ने फ्राँ किंवा पती व्हेर्दोही असते. कॅबर्ने कणा देते आणि मर्लो त्यावर मांस चढवते, असे तेथील वाइनकार सांगतात. पोयाक गावाच्या शातो लातूरच्या वाइनमध्ये कॅबर्नेचा वाटा प्रचंड असतो. (या शातोचा महाराष्ट्रातील लातूरशी काहीही संबंध नाही, त्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘मनोरा’ असा आहे.)

तुरट म्हणजे नेमके काय?

आयुर्वेदाने सांगितलेल्या सहा रसांपैकी तुरट, म्हणजे कषाय, हा एक. आधुनिक शरीरशास्त्र मात्र तुरटपणाला चव मानत नाही. ते त्याची गणना स्पर्शात करते. आपली लाळ बुळबुळीत राहते ती तिच्यातील विशिष्ट प्रथिनांमुळे. टॅनिनचे रेणू या प्रथिनांना चिकटतात आणि त्यांचा साका करतात. लाळेचे वंगण नाहीसे होते, जीभ आणि टाळू एकमेकांवर घासू लागतात आणि तोंड कोरडे पडल्याचा भास होतो. कच्चे केळे, डाळिंबाची साल, सुपारी, जांभूळ यांचा अनुभव हाच. कोरा चहा फार उकळला की तुरट होतो, पण त्यात दूध घातले की तो सौम्य होतो. कारण टॅनिन लाळेतील प्रथिनांऐवजी दुधातील प्रथिनांना जाऊन चिकटते. कॅबर्नेबरोबर चीज किंवा मटण वाढण्यामागील रहस्यही दुसरे काही नाही.

ही गोष्ट ध्यानात घेतली की पुढचे पाऊल सोपे होते. कोवळ्या कॅबर्नेत तुरटपणा आहे की नाही, हा प्रश्न गैरलागू आहे. तो असणारच. पाहायचे असते ते हे, की तो कोणत्या जातीचा आहे. कच्ची, हिरवी बी चावून पाहिली तर ती तुरट तर असतेच, शिवाय कडू आणि झोंबणारी असते. पिकलेली बी तपकिरी होते, चावताना कुरकुरते आणि तिचा कडवटपणा उतरलेला असतो. म्हणूनच तोडणीच्या दिवसांत वाइनकार मळ्यात फिरताना मणी खाऊन बिया थुंकून टाकत नाहीत. त्या चावत चावत पुढे जातात. साखर मोजायला उपकरण आहे. टॅनिन पिकले की नाही, हे ठरवायला अजूनही दातांइतके हुकमी साधन नाही.

तोंडातही हा फरक ओळखता येतो. पिकलेल्या टॅनिनचा तुरटपणा जिभेवर, गालांच्या आतील बाजूंवर, टाळूवर सारखा पसरतो. तो भरपूर असला तरी त्याचे कण बारीक भासतात. धुवून वाळवलेल्या जाड सुती कापडावरून बोट फिरवल्यासारखे. कच्च्या टॅनिनचा तुरटपणा दातांच्या मुळाशी आणि हिरड्यांवर अडकून बसतो आणि तेथे पॉलिश पेपर घासल्यासारखा ओरखडतो. मात्र सर्वांत महत्त्वाची खूण याच्याही नंतरची आहे. घोट थुंकल्यावर फळाची चव आधी संपते की तुरटपणा आधी? काळ्या द्राक्षाची, जांभळाशी नाते सांगणारी ती चव तुरटपणाला पुरून उरत असेल, तर वाइनला भविष्य आहे. फळ दोन-तीन सेकंदांत विरून मागे नुसते कोरडे तोंड राहत असेल, तर पिंपात किंवा बाटलीत कितीही वर्षे ठेवली तरी ती वाइन सुधारणे कठीण.

पेला, नाक आणि थुंकण्याची शिस्त

परीक्षेची साधने फार लागत नाहीत. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९७७ साली ठरवून दिलेला चाखण्याचा पेला सुमारे २१५ मिलिलिटरचा, खाली फुगीर आणि वर निमुळता असतो. त्यात पन्नास मिलिलिटरच्या आसपास वाइन ओततात, म्हणजे ती गोल फिरवायला जागा उरते. तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हा सल्ला युरोपातील थंड दगडी घरांसाठी होता. मे महिन्यातल्या पुण्या-नागपूरच्या खोलीसाठी तो अर्थातच नव्हता. ३० अंशांवर अल्कोहोल नाकात घुसते आणि बाकीचे सारे झाकून टाकते. उलट फ्रिजमधून काढल्या काढल्या चाखली, तर टॅनिन आहे त्याहून कठोर वाटते. वीस-पंचवीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढलेली बाटली ही घरगुती तडजोड चांगली. चाखण्यापूर्वी तिखट, पान-तंबाखू आणि पेपरमिंट वर्ज्य, अत्तरही नको.

डोळ्यांचे काम थोडक्यात आटोपते. पांढऱ्या कागदावर पेला तिरपा धरून कडेचा रंग पाहायचा. कोवळ्या कॅबर्नेची कड जांभळी-किरमिजी असायला हवी. एक-दोन वर्षांच्या वाइनची कड विटकरी दिसू लागली असेल, तर ती वेळेआधी म्हातारी झाली आहे, बहुधा हवेच्या किंवा उष्णतेच्या संपर्काने. पेल्याच्या काचेवरून ओघळणाऱ्या थेंबांकडे पाहून माना डोलावण्याची पद्धत आहे. त्या ओघळांवरून अल्कोहोलचा अंदाज येतो, दर्जाचा नव्हे.

नाकाला मात्र दोन फेऱ्या द्याव्या लागतात. प्रथम पेला न हलवता आणि नंतर गोल फिरवून. कोवळ्या कॅबर्नेत काळ्या फळांचा, काळ्या मनुकांसारखा वास प्रमुख असतो. त्याला देवदाराच्या लाकडाची, शिसपेन्सिलीला टोक करताना येते तशी झाक असू शकते. नव्या ओकच्या पिंपातून व्हॅनिला, खोबरे, भाजके मसाले, कॉफी यांचे वास येतात. बोर्दोचे पिंप २२५ लिटरचे असते आणि ते आतून आगीवर भाजलेले असते. सहा महिन्यांच्या नमुन्यात हे लाकूड फळाच्या पुढे धावत असेल तर एकदम दोष देऊ नये. ते काही वर्षांत वाइनमध्ये मुरते. पण लाकूड काढून टाकल्यास मागे काय उरेल, हा प्रश्न मनाशी विचारावा. काहीच उरत नसेल, तर तो सुगंध पिंपाचा आहे, वाइनचा नव्हे.

हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास ही कॅबर्नेची जुनी खूण. मेथॉक्सीपायराझिन नावाच्या संयुगाचा तो प्रताप असून एका लिटरमध्ये अवघे काही नॅनोग्रॅम असले तरी माणसाच्या नाकाला ते कळते. द्राक्ष उन्हात पिकत जाते तसे त्याचे प्रमाण घटते. म्हणून हा वास जोरकस असला तर द्राक्ष कच्चे तोडले गेले, किंवा घड पानांच्या सावलीत राहिले, असा तर्क करता येतो. त्याची पुसटशी झाक मात्र अनेकांना आवडते, आणि ती अजिबात नको, असा हट्ट धरल्यामुळे जगातील कित्येक कॅबर्ने अलीकडे एकसारख्या झाल्या आहेत, ही तक्रारही निराधार नाही.

तोंडात चमचाभर घोट घ्यायचा, ओठांतून किंचित हवा आत ओढत तो सर्वत्र फिरवायचा आणि थुंकायचा. मग घड्याळाकडे पाहत मोजायचे. फ्रेंच परीक्षकांनी चव रेंगाळण्याच्या कालावधीसाठी ‘कोदाली’ हे एककच करून टाकले आहे. एक कोदाली म्हणजे एक सेकंद. येथे एक फसगत संभवते. तुरटपणा घोटागणिक साचत जातो. विसावा नमुना चाखणाऱ्याच्या तोंडात आधीच्या एकोणीस नमुन्यांचे टॅनिन असते, त्यामुळे तीच वाइन पहिल्या क्रमांकावर जेवढी सौम्य भासली असती तेवढी ती विसाव्या क्रमांकावर भासत नाही. दोन नमुन्यांमध्ये पाणी आणि पावाचा तुकडा घेऊन थांबणे, आणि शंका असल्यास क्रम उलटा करून पुन्हा चाखणे, हाच त्यावर उपाय. अर्थात शेकडो नमुन्यांच्या रेट्यात प्रत्येक परीक्षक तेवढा थांबत असेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

काळ काय सुधारतो आणि काय नाही

कोवळ्या वाइनच्या परीक्षेचा गाभा याच एका हिशेबात आहे. काळाच्या ओघात टॅनिनचे रेणू परस्परांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात. त्यांतले काही गाळ होऊन बाटलीच्या तळाशी बसतात. उरलेल्यांचा स्पर्श बदलतो. जांभळा रंग विटकरीकडे झुकतो. फळांच्या ताज्या वासाच्या जागी तंबाखूची पाने, कातडे, ओली माती असे वास येतात. लाकूड मुरते. म्हणजे तुरटपणा, कोंडलेला वास आणि लाकडाचा दर्प ही तरुणपणाची लक्षणे आहेत, आणि तरुणपण सरते.

आम्लता मात्र मऊ होत नाही. पिंपात जाण्यापूर्वी किंवा पिंपात असताना वाइनमधील मॅलिक आम्लाचे जिवाणूंमुळे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होते खरे, पण एकदा ते आटोपले की आम्लाचा आकडा जवळपास कायमचा ठरतो. अल्कोहोलही उडून जात नाही. साडेचौदा टक्क्यांचा जाळ घशात लागत असेल, तर तो वीस वर्षांनीही लागेल. आम्लता अगदीच कमी असेल, तर वाइन आज गोडसर, गुबगुबीत आणि मोहक वाटते; पण पुढे ती ढासळते. आणि मुळात नसलेले फळ बाटलीत ठेवून उगवत नाही. म्हणून जाणता परीक्षक घोट घेतल्यावर तुरटपणाकडे तूर्त दुर्लक्ष करतो आणि फळ, आम्ल आणि अल्कोहोल यांचा आपापसांत मेळ आहे का, ते आधी पाहतो. तो मेळ आज नसेल तर उद्या येणार नाही.

काही वासही असेच कायमचे असतात. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा झोत, तबेल्याचा उग्र दर्प, बुचातून उतरलेला ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास, हे दोष आहेत. याउलट जळलेल्या काडेपेटीचा किंवा किंचित अंड्यासारखा वास पुष्कळदा हवेअभावी आलेला असतो. पेला जोरात फिरवून दहा मिनिटे ठेवला की तो जातो. घाईत असलेला परीक्षक नेमका याच वाइनला नापास करतो.

तज्ज्ञांचे अंदाज

हा हिशेब कागदावर सोपा वाटला, तरी त्यात नामांकित मंडळी चुकली आहेत. बोर्दोच्या १९७५च्या पिकाची वाइन अतिशय कठोर टॅनिनची होती. तरुण वाइन जितकी कठोर तितकी ती दीर्घायुषी, असा समज तेव्हा रूढ असल्याने अनेकांनी तिला थोर ठरवले. पुढे पुष्कळ बाटल्यांमध्ये टॅनिन विरण्याची वाट पाहता पाहता फळच वाळून गेले. १९८२ साली नेमके उलट घडले. उन्हाळा उबदार, पीक विपुल आणि वाइन तरुणपणीच रसाळ. इतकी सहज आवडणारी वाइन टिकणार कशी, अशी शंका काही जुन्या समीक्षकांनी घेतली. अमेरिकेतील मेरीलँडचे वकील रॉबर्ट पार्कर यांनी १९७८ साली ‘द वाइन ॲडव्होकेट’ हे पत्रक सुरू केले होते. त्यांनी १९८२च्या वाइनची निःसंदिग्ध शिफारस केली. टॅनिन भरपूर आहे, पण ते पिकलेले असल्याने फळाखाली झाकले गेले आहे, असा त्यांच्या मताचा मथितार्थ होता. त्या वर्षीच्या उत्तम बाटल्या पुढे चार दशके टिकल्या आणि पार्कर यांच्या शंभर गुणांच्या मोजपट्टीचा बाजारावर असा दबदबा बसला, की २०१९ साली ते निवृत्त होईपर्यंत त्यांच्या एका आकड्याने बोर्दोत भाव चढत-उतरत राहिले.

टॅनिन मुळातच पिकलेले असावे, हा विचार बोर्दोत रुजवण्याचे श्रेय मात्र एमिल पेनो या प्राध्यापकांकडे जाते. १९१२ ते २००४ हा त्यांचा काळ. द्राक्षे पूर्ण पिकू द्या, सडके-कच्चे घड निवडून काढा, तळघरे स्वच्छ ठेवा, मॅलिक आम्लाचे रूपांतर नशिबावर सोडू नका, असे त्यांनी मळेवाल्यांना पिढीभर पढवले. वाइन चाखण्याच्या शास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला.

तज्ज्ञांतील मतभेदाचा गाजलेला प्रसंग २००४ सालचा. आदल्या वर्षीच्या भीषण उष्णतेच्या लाटेत पिकलेल्या द्राक्षांपासून सेंत एमिलियोंच्या शातो पाव्हीने केलेल्या वाइनला ब्रिटिश समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन यांनी वीसपैकी बारा गुण दिले, तर पार्कर यांनी तिचे तोंड भरून कौतुक केले. ही वाइन मर्लोप्रधान होती. पण वादाचा मुद्दा कॅबर्नेलाही तितकाच लागू पडतो. अतिपक्व फळ म्हणजे समृद्धी की बिघाड, याचे उत्तर दोघांच्या जिभांनी वेगळे दिले.

सर्वांत बोलका दाखला मात्र पॅरिसचा आहे. २४ मे १९७६ रोजी ब्रिटिश वाइन व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी तेथे नावे झाकून एक चाचणी घेतली. नऊ फ्रेंच परीक्षकांच्या गुणांनुसार लाल वाइनमध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ची कॅबर्ने पहिली आली. १९७०ची शातो मुतों रोथशिल्ड दुसरी. फ्रान्समध्ये खळबळ माजली. एक आक्षेप वारंवार घेतला गेला. कॅलिफोर्नियाची वाइन तरुणपणी भुरळ पाडते, बोर्दोची वाइन तेव्हा मिटलेली असते; वीस-तीस वर्षे थांबा, मग बघा. तीस वर्षे थांबून २४ मे २००६ रोजी लंडन आणि नापा येथे त्याच वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला गेले. गंमत अशी, की पहिली आलेली रिज माँटे बेलो १९७१ ही वाइन १९७६ साली पाचव्या स्थानावर होती. तरुणपणी मोहक वाटणारी वाइन टिकत नाही, हा सिद्धान्त त्या दिवशी मागे पडला. पण तरुणपणीच्या क्रमवारीवर विसंबता येत नाही, हेही त्याच निकालाने दाखवून दिले.

पिंपातील नमुन्यांवर तर आणखी एक आक्षेप आहे. नमुना कोणत्या पिंपातून काढला, अंतिम मिश्रण तेच असेल का, हे ठरवणारा विक्रेताच असतो. बहुतेक समीक्षक म्हणूनच नेमका गुण न देता ९२ ते ९४ असा पल्ला देतात. शातो लातूरने २०१२ साली या आगाऊ विक्रीतून अंग काढून घेतले आणि वाइन तयार झाल्यावरच ती विकण्याचा निर्णय जाहीर केला. आगाऊ खरेदी फायद्याचीच ठरते, हा ग्राहकांचा विश्वासही ओसरला आहे. २००९ आणि २०१०च्या चढ्या भावाच्या वाइनचे दर पुढे घसरले, आणि २०२४च्या पिकासाठी २०२५ साली अनेक नामवंत शातोंना आपण होऊन किमती उतरवाव्या लागल्या.

सह्याद्रीच्या पायथ्याची कॅबर्ने

महाराष्ट्रात कॅबर्नेचा प्रश्न वेगळा आहे. बोर्दोत द्राक्षे पिकतात ती उन्हाळा ओसरून गारवा येत असताना. नाशिक परिसरात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते, फळ थंडीत वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढत असताना पिकते. साखर, म्हणजे बागाईतदारांच्या भाषेत ब्रिक्स, भराभर वाढते आणि आम्लता तितक्याच वेगाने उतरते. साल आणि बी मात्र आपल्या गतीने पिकतात. लवकर तोडावे तर टॅनिन कच्चे आणि ढोबळ्या मिरचीचा वास; थांबावे तर आम्ल गेलेले आणि अल्कोहोल चढलेले. या कात्रीतून नाशिकच्या सुमारे ६०० मीटर उंचीवर पडणारी रात्रीची थंडी काही अंशी सोडवते.

राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण जाहीर केले आणि त्यानंतर नाशिकमध्ये वाइननिर्मितीला वेग आला. येथील बऱ्याच वाइनमध्ये कॅबर्नेची जोडी मर्लोऐवजी शिराझशी लावली जाते, कारण उष्ण हवा शिराझला अधिक मानवते. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात द्राक्षे पिकवणाऱ्या फ्रातेलीची ‘सेत्ते’ ही कॅबर्ने आणि इटलीच्या सांजोवेसे द्राक्षाचे मिश्रण आहे. यांतील बहुसंख्य वाइन दोन-चार वर्षांत प्यायच्या आहेत. त्यांना बोर्दोच्या वीस वर्षांच्या फूटपट्टीने मोजणे अन्यायाचे होईल; पण फळ, आम्ल आणि अल्कोहोल यांचा मेळ आणि टॅनिनचा पक्वपणा, या कसोट्या त्यांनाही लागू आहेत. एक अडचण खास भारतीय. उत्पादकाने कितीही निगुतीने केलेली वाइन दुकानाच्या मांडणीवर एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात उभी राहिली, की काही आठवड्यांत शिजल्यासारखी होते. कोवळ्या बाटलीच्या कडेला विटकरी रंग आणि वासाला मुरंब्याची झाक असेल, तर दोष मळ्याचा नसून गोदामाचा असण्याची शक्यता अधिक.

घरी बसून भविष्य आजमावण्याचा एक साधा उपाय वाइनकारही वापरतात. कोवळ्या कॅबर्नेची बाटली उघडून एक पेला चाखावा आणि चार ओळी टिपून ठेवाव्यात. उरलेली बाटली बूच लावून थंड जागी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच पेल्यात पुन्हा चाखावी. हवेने एका रात्रीत केलेले काम वर्षांच्या मुरण्याशी तंतोतंत जुळत नाही, पण दिशा कळते. फळ टवटवीत आणि तुरटपणा उतरलेला आढळला तर त्याच वाइनची दुसरी बाटली दोन-तीन वर्षे आडवी ठेवायला हरकत नाही. मात्र ती स्वयंपाकघरातल्या फडताळात नव्हे, तर घरातल्या सर्वांत गार आणि अंधाऱ्या कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी वाइन पाणचट किंवा आंबूस लागली, तर दुसरी बाटली त्याच आठवड्यात, मटणाच्या रश्श्याबरोबर संपवलेली बरी.